सातवा टेक

आज त्या पाद्र्यानं मला सहा वेळा वाचवलं.
सहाही वेळा काहीतरी आडवं आलं,
वारा, नाहीतर ढग, नाहीतर मागच्या गर्दीत
कुणाच्या तरी मनगटावर घड्याळ चमकलं.

मामोरे नदीच्या काठाला त्यांनी चर्च उभारलंय,
पुढची भिंत तेवढी. पाठीमागे बांबू, ताडपत्री
आणि सावलीला झोपलेली आमची कुत्री.
घंटा फायबरची. दोन पोरं उचलून नेतात.
तिचा आवाज नंतर युरोपातून येणार आहे म्हणे.

गोष्ट अशी: रबराचा ठेकेदार होड्या घेऊन येतो,
माणसं मागतो. पाद्री दोन्ही हात पसरून
बंदुकांच्या आणि आमच्या मध्ये उभा राहतो.
मी गुडघ्यांवर. काखेत चिंध्यांचं मूल.
त्याच्या झग्याचं टोक धरायचं आणि वर पाहायचं,
आभाळ पाहतेस असं पाहा, असं मला सांगितलंय.

नट चांगला आहे. खरंच रडतो.
टेक संपला की शेजारी फतकल मारून बसतो,
कसाव्याचा भाजका रवा पाण्यात कालवून मागतो.
विचारतो, असंच झालं होतं ना, सेन्योरा?

काय सांगू.
माझी आजी, बोनिफासिया युको, सांगायची ते
कुठल्याच टेकमध्ये बसत नाही.
त्या सकाळी पाद्री गावात नव्हताच.
वरच्या वस्तीत कुणाला तरी शेवटचं तेल लावायला गेला होता.
टेबलावर राहिली होती बाप्तिस्म्याची वही,
जाडजूड, गाईच्या कातड्यात बांधलेली,
तिच्यात आम्ही सगळे, बापासकट, वयासकट,
कोण धडधाकट, कुणाच्या घरात किती मुलगे.
मायेनं लिहिलेलं. अक्षर मोत्यासारखं.
ठेकेदाराला बंदूक काढावीच लागली नाही.
त्यानं खुर्ची ओढली, बोटाला थुंकी लावली
आणि पान उलटत उलटत हाका मारल्या.

वहीच्या कपाटाला कुलूप असायचं. किल्ली पाद्र्याच्या कमरेला.
मग ती टेबलावर कशी राहिली,
हे आजी मरेपर्यंत कातत बसली.
विसरला असेल. म्हातारा होता.
त्यानंच तिला व्हायोलिन धरायला शिकवलं होतं,
तिच्या तापात दोन रात्री उशाशी बसला होता.
विसरला असेल, म्हणायची,
आणि सूत तुटायचं.

नेलेले गेले नदीनं खाली, धबधब्यांच्या पलीकडे.
एक सुरी, मीठ, एक सदरा, एवढ्याचं कर्ज.
झाडांचा चीक आटला, कर्ज आटलं नाही.
आजीचा बाप परत आला नाही.
आली ती त्याच्या नावावरची बाकी.

यातलं नटाला काही बोलले नाही.
म्हटलं, उकडत होतं. असंच उकडत होतं.

चौथऱ्यावर निकानोर ग्वाहीला बसवलंय,
हातात तारा नसलेलं व्हायोलिन देऊन.
त्याच्या घरच्या पेटाऱ्यात पिढ्यांनी उतरवलेले सूर आहेत,
कसरीनं खाल्लेल्या जागासुद्धा त्याला पाठ.
कॅमेरा फक्त त्याची बोटं घेतो.
तरी तो अख्खं वाजवतो, सहाही वेळा,
आणि मधेच स्वतःशी मान हलवतो, चुकलं म्हणून.

सातव्या टेकला ढग थांबला.
ठेकेदारानं वही उघडली. नावं कुणीतरी
आमच्याच मतदार यादीतून उचललेली.
रूफिनो युको, तो वाचतो.
कुणी हलायचं नाही, असं ठरलेलं.
आणि माझ्या तोंडून निघून गेलं: हजर.

कट. कोण बोललं?
कुत्री उठून उभी राहिली.
दिग्दर्शक जरा वेळ पाहत राहिला, मग हसला,
चालेल म्हणाला, आवाज पुसता येतो.

दिवस मावळताना रोजाची रांग.
मुकादमानं वही पुढे सरकवली, बोट ठेवलं, इथं सही.
मी आधी मागची पानं पाहिली. मग पुढची.
आवर बाई, म्हणाला, अंधार पडतोय.
रांगेतलं कुणी कुरकुरलं नाही.
मी पेन हातातच धरून विचारलं,
ही रात्रीची कुठं ठेवता?